छातीचं माप

कंधारहून डॉक्टर आले मोटारसायकलवर.
म्हणाले, टेप आहे ना तुमच्याकडे, टेलरताई,
दर सोमवारी पुढच्या पायांमागून छाती मोजायची
आणि लिहून ठेवायची.
मी ब्लाउजांच्या वहीत तिचं पान काढलं.
वर सोजरबाई, कोपरापर्यंत बाही, गळा चौकोनी.
खाली गुंजी, कालवड, तीन महिने, अठ्ठावीस इंच.

पुढच्या सोमवारी अठ्ठावीस.
त्याच्या पुढच्या, अठ्ठावीस.
चौथ्या वेळी टेपच खोटी वाटली,
लाकडी पट्टीला लावून पाहिली.
टेप खरी होती.

केरबाची कालवड हिच्याच आठवड्यातली,
तिच्या गळ्यातली दोरी दोनदा सैल करून झाली.
आमची पहिलीच गाठ अजून तशीच,
मळकी,
सोडायची गरजच न पडलेली.

जन्मली तेव्हा लाल होती, गुंजेसारखी,
म्हणून तर नाव.
आता डोळ्यांभोवती राख,
कानामागं राख, मानेवर राख,
आधी रुपयाएवढी, मग बांगडीएवढी,
वरून करपल्या भाकरीचा पापुद्रा.
बोट फिरवलं की केस बोटासोबत येतात.
मला कापड कळतं.
कुठं विरलंय, कुठं कसर लागलीय,
उजेडात धरलं की सांगते.
हे कातडं उजेडात धरता येत नाही,
त्याच्या आत ती आहे.

लोक आले सांगायला.
ट्रॅक्टरचं जळकं ऑईल लावा.
तंबाखूचं पाणी लावा.
बिब्बा बांधा, नजर आहे कुणाची तरी.
व्यंकट बाटली घेऊन आलासुद्धा.
डॉक्टर म्हणाले, अंग चाटते ती,
लावाल ते पोटात जाईल.
बाटली पत्र्याखाली खोचली ती तिथंच आहे.

नायटा आहे, ते म्हणाले, त्यानं मरत नाही जनावर.
उवा आहेत, पोटात जंत आहेत.
पण कातडं असं उगाच हार खात नाही, ताई.
चीक किती पाजला होता?

व्यंकट कडब्याकडं बघायला लागला.

चीक.
पातेलं भरून निघाला होता पहिल्या दिवशी.
गूळ किसला, विलायची कुटली,
पाच घरी वाट्या गेल्या,
केरबाकडं, मास्तरांकडं.
सोजरबाई म्हणाल्या, वडी कशी, साबणासारखी कापली जातीय.
दोन मी खाल्ल्या.
तिसरी मशीनजवळ झाकून ठेवली,
रात्री काजं करताना लागेल म्हणून.
ती तेव्हा दावणीला
चार पाय एकदम कसे टेकायचे ते शिकत होती.

मी डॉक्टरांना म्हणाले, थोडा पाजला.

आषाढात माझ्या मनगटावर गोल उठला,
कडा लाल, मध्ये कोरा,
टेप धरायच्या हातावरच.
तेव्हापासून बायका जुना ब्लाउज आणून देतात,
माप ह्याच्यावरूनच घे म्हणतात,
आणि उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहतात.
मी म्हणते, बरं.
गुंजीला कुणी असं म्हणालं नव्हतं,
ती नुसती एकटी बांधलेली.

सकाळी हातमोजे घालून तिला आयोडीन,
मग हात धुऊन मला मलम.
जंताचं औषध तिनं अर्धं माझ्या पदरावर थुंकलं.
उन्हाकडं खुंटा हलवला.
गाईचे दोन सड तिच्यासाठी सोडले,
डेअरीत दीड लिटर कमी भरलं.
व्यंकट काही बोलला नाही,
कॅन तेवढा हलवून पाहिला.

पोळ्याच्या आधीच्या सोमवारी
टेप अठ्ठावीसवर मिटेना.
मी श्वास धरून पुन्हा लावली,
ती श्वास धरत नव्हती, शेपटी मारत होती.
साडेअठ्ठावीस.
केरबा हसला, अर्धा इंच?

अर्धा इंच म्हणजे, केरबा,
आम्ही शिवणीत आत दाबून ठेवतो तेवढा,
पुढंमागं अंग भरलं
तर उसवायला.

कानामागं राख आहे अजून.
माझ्याही मनगटावर आहे, फिकट,
बांगडी सरकली की दिसते.